आजोबा विंचू उतरवायचे

माझे आजोबा विंचू उतरवायचे. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होते. मगरिबची नमाज पढून ते ओट्यावर बसले की आठवड्यातून एखादे तरी माणूस कण्हत-कुंथत यायचे. आपल्या मोहल्ल्यातले यायचे, तसे वाडीवरचे कुणबी यायचे, बौद्धवाडीतले यायचे, मराठे यायचे. आजोबा तांब्याभर पाणी घ्यायचे, त्यावर काही आयती पढून दम करायचे आणि निरगुडीच्या टहाळ्याने वरून खाली झाडत राहायचे. दोन-तीन तासांत ठणका कमी व्हायचा. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. सुगीनंतर कुणी पायलीभर तांदूळ आणून ठेवले तर ते परत करायचे नाहीत, एवढेच.

मी सातवीत होतो. १९८० च्या दशकाची अखेर असेल. भातकापणी चालू होती. भारा उचलताना वाडीवरच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विंचू चावला. बाप त्याला पाठीवर घेऊन आमच्याकडे आला. "चाचा, पोराला इचू चावलाय, बघा जरा." आजोबांनी नेहमीप्रमाणे पाणी घेतले. पण हा मुलगा इतरांसारखा ओरडत नव्हता. त्याला दरदरून घाम फुटला होता, उलट्या होत होत्या आणि हातपाय थंडगार पडले होते. आजोबा दोन तास झाडत राहिले. मग मुलाला धाप लागली, तोंडाला गुलाबी फेस आला. जीप मिळेपर्यंत आणखी तास गेला. महाडच्या वाटेवर मुलगा गेला.

गावात कुणीही आजोबांना बोल लावला नाही. मुलाच्या बापानेही नाही. त्याची वेळ भरली होती, असेच सगळे म्हणाले. आजोबा मात्र त्यानंतर विंचू उतरवायला बसले नाहीत. कुणी आले की ते एवढेच म्हणायचे, "आधी गाडी बघ. दुआ मी इथूनच करतो."

हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्याची चूक चव्हाट्यावर मांडणे बरे वाटत नाही. पण महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीबद्दल आपल्या समाजात जे बोलले जाते ते ऐकले, की मला तो ओटा आठवतो. म्हणून आज लिहितो आहे.

इलाज घराजवळच होता

त्या मुलाचे काय झाले हे मला फार पुढे कळले. लाल विंचवाचे विष शरीरात गेले की मज्जातंतू चेतवले जातात आणि रक्तात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. हृदयावर अचानक प्रचंड भार येतो. ते थकले की फुप्फुसात पाणी साचते. तोच तो गुलाबी फेस. विंचू चावलेला माणूस दगावतो तो बहुतेक वेळा असा.

हे कोडे परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत सुटले नाही. ते आपल्या महाड तालुक्यात सुटले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, गरीब घरातून शिकून आलेले. विंचू चावलेली माणसे त्यांच्यासमोर मरत होती आणि वैद्यकीच्या पुस्तकांत त्यावर धड काही लिहिलेले नव्हते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून प्रत्येक लक्षण टिपून ठेवायला सुरुवात केली. घाम कधी येतो, नाडी कशी चालते, रक्तदाब कधी वर जातो आणि कधी कोसळतो. १९८२ साली 'द लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणे छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध या रुग्णांना दिले आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडून माणसे वाचू लागली. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आले. त्याआधी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस दगावत. वेळेवर प्राझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण शंभरात एखाद्यावर आले. २०११ साली 'बीएमजे'मध्ये त्यांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही महाडमधल्या रुग्णांवरचाच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे वाडीवरचा तो मुलगा आमच्या ओट्यावर होता, तेव्हा त्याचा इलाज सापडून काही वर्षे झाली होती. गोळी होती, ती देणारा माणूसही होता. मध्ये फक्त आमचा ओटा आणि ते तीन तास होते.

उतरायचा तो कसा?

मग इतकी वर्षे आजोबांचा विंचू उतरत कसा होता? ते लबाड नव्हते. त्यांचा स्वतःचा त्यावर पुरेपूर विश्वास होता, आणि तो विश्वास अनुभवातून आला होता.

उत्तर साधे आहे. विंचू चावलेल्या बहुतेकांना फक्त ठणका लागतो आणि तो काही तासांनी आपोआप ओसरतो. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या दंशाने माणूस सहसा मरत नाही. सापाचेही तसेच. आपल्याकडच्या बहुसंख्य सापांना विष नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी, पण तेही प्रत्येक दंशात विष सोडतातच असे नाही. त्यामुळे झाडणाऱ्याकडे शंभर माणसे आली, तर त्यांतली बरीचशी काहीही न करता बरी होणारच असतात. ती बरी झाली की झाडणाऱ्याचे नाव होते. जी मरतात त्यांच्याबद्दल "आणायला उशीर झाला" किंवा "अल्लाची मर्जी" असे म्हटले जाते. यशाची नोंद झाडणाऱ्याच्या खात्यावर आणि अपयशाची नशिबाच्या, असा हा हिशेब आहे. बावस्करांनी बिरवाडीत वेगळे काय केले? त्यांनी दोन्ही नोंदी एकाच वहीत ठेवल्या. वैज्ञानिक दृष्टिकोन हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच आहे: मेलेल्यांनाही मोजायचे.

योगायोग असा की ज्या १९७६ साली बावस्कर बिरवाडीत आले, त्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत लिहिले गेले. कलम ५१ क. पण घटनेत लिहिलेली गोष्ट पोलादपूरच्या डोंगरातल्या ओट्यापर्यंत पोचवायला कुणीतरी पायी फिरावे लागते.

फिरणारी माणसे

महाराष्ट्रात विज्ञानाचा प्रसार करणाऱ्या संस्था आणखीही आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करते आहे. पण विज्ञान आणि बुवाबाजी जिथे समोरासमोर येतात तिथे जाऊन उभे राहायचे काम प्रामुख्याने अंनिसने केले. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ही संघटना उभी केली. दाभोलकर मूळचे साताऱ्याचे, म्हणजे महाबळेश्वर ओलांडले की पलीकडचे. मिरजेला डॉक्टर झाले, कबड्डीचे उत्तम खेळाडू, दहा-बारा वर्षे दवाखाना चालवला आणि मग तो सोडून या कामाला लागले. पुढे १९९८ पासून अखेरपर्यंत ते 'साधना' साप्ताहिकाचे संपादकही होते.

अंनिसची पद्धत मला नेहमी शाळामास्तराची वाटत आली आहे. गावोगावी शाखा, स्वतःच्या खिशातून खर्च करणारे कार्यकर्ते, शाळा-कॉलेजांत कार्यक्रम. कार्यकर्ता आधी चमत्कार करून दाखवतो. मंत्र म्हणत 'तूप' ओततो आणि होम आपोआप पेटतो. मग तो सांगतो की भांड्यात पोटॅशियम परमँगनेट होते आणि वर ओतले ते तूप नव्हते, ग्लिसरीन होते. मुले एकदा हसली की पुढच्या बुवाकडे त्या नजरेने बघू लागतात. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला संघटनेने २१ लाखांचे बक्षीस लावले आहे. ते अजून कुणीही नेलेले नाही.

सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध प्यायला, तेव्हा द्रवाच्या पृष्ठताणाचा प्रयोग विवेकवादी कार्यकर्ते लोकांना करून दाखवत होते. आपल्यातले काही तेव्हा हसले. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या समुद्राचे पाणी गोड झाल्याची आवई उठली आणि मखदूम बाबांचा करिश्मा म्हणून हजारो माणसे मिठी नदीच्या मुखाशी गटारमिश्रित पाणी बाटल्यांत भरून नेऊ लागली. लहान मुलांना पाजू लागली. त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी खाडीत लोटले की तिचा खारटपणा कमी होतो, एवढाच तो करिश्मा होता. आजारी पडायला मात्र ते पाणी पुरेसे होते. तेव्हा हसण्याचा हक्क कुणालाच राहिला नाही.

या संघटनेने भानामतीच्या गावांत जाऊन भीती घालवली. डोक्यात जट झाली म्हणून देवाला सोडल्या जाणाऱ्या बायकांच्या जटा समजूत घालून कापल्या. २००० साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावे म्हणून आंदोलन केले. २०१३ पासून जातपंचायतींच्या विरोधात मोहीम उघडली. हा शेवटचा विषय रायगडकरांना सांगायची गरज नाही. गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याच्या बातम्यांत त्या काळात आपल्या जिल्ह्याचे नाव सतत येत होते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि २०१७ पासून अमलात आला. असा कायदा करणारे महाराष्ट्र पहिले राज्य. त्यामागच्या रेट्यात अंनिसचा मोठा वाटा होता.

नववी नोंद

पण सगळ्यांत मोठे काम म्हणजे जादूटोणाविरोधी कायदा. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्याची मागणी चालू होती. मसुदे झाले, विधेयक आले, अडकले, पुन्हा आले. वारकऱ्यांपासून अनेकांनी शंका काढल्या, कलमे गाळली गेली, नाव बदलले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या दाभोलकरांवर ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडण्यात आल्या. जो कायदा इतकी वर्षे होत नव्हता, त्याचा वटहुकूम त्यानंतर आठवड्याभरात निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. खुनाच्या खटल्याचा निकाल यायला मात्र १० मे २०२४ उजाडावे लागले. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

या कायद्याला एक अनुसूची आहे. तिच्यात बारा गोष्टी दिल्या आहेत. तेवढ्याच गुन्हा ठरतात. 'अंधश्रद्धा' असा मोघम शब्द वापरून कुणाला पकडता येत नाही. त्यातली नववी नोंद मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपाय करणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय दंड.

मजकूर नीट वाचा. गुन्हा दुआ करण्याचा नाही. उपचारापासून रोखण्याचा आहे. त्याच कायद्यात पुढे स्पष्ट लिहिले आहे की मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्च अशा ठिकाणी किंवा घरी केलेली प्रार्थना, उपासना, उरूस-यात्रा, प्रवचने, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणे, यांना हा कायदा लागू नाही. कुणाला इजा होऊ नये आणि कुणी लुबाडला जाऊ नये, एवढीच अट. आमचे आजोबा कायद्याच्या पंचवीस वर्षे आधी जे म्हणू लागले होते, तेच विधिमंडळाने लिहून ठेवले: आधी गाडी बघ, दुआ मी इथूनच करतो.

आपले तीन आक्षेप

आपल्या समाजात अंनिसचे नाव काढले की तीन गोष्टी ऐकू येतात.

पहिली, हे धर्म बुडवणारे लोक आहेत. दाभोलकर स्वतः नास्तिक होते, हे खरे. पण संघटनेने देव मानू नका असे कधी सांगितले नाही. देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीला तिचा विरोध आहे. आणि आपल्यापुरते म्हणाल, तर हदीसमध्ये एक प्रसंग येतो. पैगंबरांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या दुःखात सूर्यही काळवंडला. एखाद्या बुवाला अशी आयती संधी मिळाली असती तर त्याने काय केले असते? पैगंबरांनी मात्र सांगितले की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नसते. आजार झाला तर औषध करा, कारण प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही दिला आहे, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. हे मानणाऱ्या माणसाने दवाखान्याच्या आड येणाऱ्या आमिलाची बाजू कोणत्या तोंडाने घ्यावी?

दुसरी गोष्ट, हा हिंदूंचा आपसातला मामला आहे. तसे असते तर बरे झाले असते. वटहुकूम निघाल्यावर सप्टेंबर २०१३ मध्ये पहिला गुन्हा नांदेडमध्ये नोंदला गेला. कॅन्सर, मधुमेह, एड्स बरे करून देण्याची जाहिरात करणाऱ्या दोघांवर. दोघेही मुसलमान होते. हा कायदा फक्त हिंदूंच्या विरोधात आहे असा प्रचार करणाऱ्यांचे तोंड त्या पहिल्याच गुन्ह्याने बंद व्हायला हवे होते. आणि आपणही समजायला हवे होते की फसणाऱ्यांत आणि फसवणाऱ्यांत आपली हजेरी पुरेपूर आहे. जिन्न काढतो म्हणून मुलींना मारहाण करणारे, करणी झाली म्हणून सुना-जावांत भांडणे लावणारे, मूल होत नाही म्हणून बायकांना एकट्याने बोलावणारे 'बाबा' कुठल्या तालुक्यात नाहीत?

तिसरी गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जाते आणि ती मला उडवून लावता येत नाही. कायदा कोणताही असो, तो आपल्यावर आधी चालवला जाईल, ही भीती. आजच्या हवेत ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण तिच्यावर उपाय कायद्यापासून दूर राहणे हा नाही. कायदा वाचलेला माणूस खोट्या गुन्ह्याला तोंड देऊ शकतो, न वाचलेला देऊ शकत नाही. आणि आपल्या मोहल्ल्यातला ठग आपण स्वतः पोलिसांकडे नेला, तर तो 'समाजाचा' ठरत नाही. त्याला आपण पदराआड लपवतो तेव्हा तो आपल्या नावावर लागतो.

संघटनेलाही थोडे

अंनिसची नुसती भलामण करायला मी बसलेलो नाही. तिच्या कार्यकर्त्यांत मुसलमान इतके कमी का, हा प्रश्न तिनेही स्वतःला विचारायला हवा. आपण गेलो नाही हे खरे, पण उर्दू शाळांत, मदरशांत, मोहल्ल्यांत यायला तिलाही बराच उशीर झाला. मध्यंतरी तिच्यात फूटही पडली, त्याचे वाईट वाटले.

आणि दुसरे असे की झाडणाऱ्याकडे माणूस फक्त अज्ञानाने जात नाही. आमच्या गावात आजोबांचा ओटा शंभर पावलांवर होता आणि महाड तीस किलोमीटरवर. ओटा रात्री-बेरात्री उघडा असायचा, फुकट असायचा, आणि तिथे कुणी खेकसत नसे. आंबेनळी आणि कशेडी घाटाखालच्या वाड्यांत पावसाळ्यात दरड आली की रस्ताच उरत नाही, हे २००५ ला आणि २०२१ ला आपण पाहिले. अशा ठिकाणी विवेकाचे व्याख्यान देऊन परत जाणे पुरेसे नाही. आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर आहे का, सर्पदंशाची लस आहे का, हे विचारणे हेही विज्ञानप्रसाराचेच काम आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसे मरतात, बहुतेक खेड्यांत आणि पावसाळ्यात. केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. ते दिल्लीत ठरले, पण घडायचे असेल तर वाडीवर घडावे लागेल.

दाभोलकरांनी आपल्या मुलाचे नाव हमीद ठेवले, हे पुष्कळांना माहीत नसते. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंवरून. दलवाईंची सगळी मते पटायलाच हवीत असे नाही, मला स्वतःला पटत नाहीत. पण साताऱ्याच्या एका हिंदू घरात मुलाचे नाव हमीद ठेवणाऱ्या माणसाला आपण परका का म्हणतो, हे मला कळत नाही.

महाडकरांनी काय करावे

आपल्या महाडला या बाबतीत इतिहास आहे. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा तळे 'बाटले' म्हणून ते पंचगव्याच्या घागरी ओतून शुद्ध करण्यात आले होते. पाणी स्पर्शाने बाटते आणि शेणा-गोमूत्राने शुद्ध होते, हे तेव्हा शिकलीसवरलेली माणसेही मानत होती. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची, तर मांडवाला कुणी जागा देईना. ती जागा दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. हा लढा त्यांचा नव्हता, असे म्हणून त्यांना गप्प बसता आले असते.

आज आपल्याकडे कुणी जमीन मागत नाही. मागायचेच झाले तर मशिदीच्या नोटीस बोर्डावरची वीतभर जागा आणि जुम्याच्या खुतब्यानंतरची दोन मिनिटे, एवढेच मी मागतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या प्रत्येक जमातीने पावसाळा सुरू होण्याआधी आणि भातकापणीच्या तोंडावर एवढे जाहीर करावे:

साप किंवा विंचू चावला तर झाडणाऱ्याकडे नेऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन करा, गाडी यायला वेळ लागणार असेल तर गावातली मिळेल ती गाडी काढा. विंचू चावल्यावर घाम, उलट्या, गार हातपाय दिसले तर एक मिनिट थांबू नका. दवाखान्याची कागदपत्रे जपून ठेवा, कारण शेतकऱ्याचा सर्पदंशाने किंवा विंचूदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाखांपर्यंत मदत मिळते, आणि झाडणाऱ्याच्या ओट्यावर मेलेल्याचा कागद कुठेच नसतो.

ज्या जमातीकडे रुग्णवाहिका आहे तिने तिचा नंबर वाडीवाडीवर लिहून यावा, कुणबीवाडीत आणि बौद्धवाडीतही. शेवटी अंनिसच्या एखाद्या कार्यकर्त्याला आपल्या हायस्कुलात बोलवावे आणि मुलांना त्याला हवे ते प्रश्न विचारू द्यावेत. धर्मावरचे प्रश्नही. आपला ईमान इतका कच्चा नाही.

वाडीवरच्या त्या मुलाचा धाकटा भाऊ आता पन्नाशीकडे झुकला आहे. पोलादपूरच्या बाजारात भेटला की अजून "चाचांचा नातू" म्हणून थांबतो, चहा पाजतो. त्याच्या भावाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. हा लेख छापून झाला की मी तो त्याला नेऊन देणार आहे.